बाबांची स्प्लेंडर आणि बारा हजारांचं इंजिनिअरिंग
(जुनी गाडी कमी पैशांत नवी करू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे गाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला, १२ मार्च १९१३ चा. पण डिसेंबर २०२१ मध्ये हे गाव वेगळ्याच कारणाने देशभर गाजलं. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले पार्ट जमवून पोराची हौस म्हणून एक छोटी जीप बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. आणि गंमत म्हणजे ही चारचाकी किक मारून चालू होते, आपल्या मोटारसायकलसारखी! आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ पाहिला, कौतुक केलं आणि ही जीप द्या, त्याबदल्यात नवी बोलेरो घ्या असं सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या दारात बोलेरो आली.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली. पण महिंद्रांनी त्याच वेळी लिहिलेलं दुसरं वाक्य फार थोड्यांनी वाचलं. ही गाडी नियमात बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. म्हणजे कौशल्य शंभर नंबरी, तरी रस्त्यावर चालायला परवानगी नाही. जुनी गाडी ‘मॉडिफाय’ करायला निघालेल्या प्रत्येकाने ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचावीत. मी फक्त पहिलं वाचलं होतं. त्याची फी मला भरावी लागली, ती कशी ते पुढे येईलच.

तशी यंत्रांची हौस आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. साताऱ्यात १९७५ ला महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिथून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडायला लागली. माझ्या आजोबांच्या पिढीत ‘प्रिया’ घरात असणं म्हणजे काय विचारता! तेव्हा रक्तातच ग्रीस आहे म्हणायला हरकत नाही. असो.

गाडी आणि गाडीमालक

आमच्या घरी साताऱ्यात १९९८ ची स्प्लेंडर आहे. नंबर अर्थातच एमएच-११. बाबा याच गाडीवरून वीस वर्षं कामावर गेले. मी आणि धाकटी बहीण, आम्ही दोघंही याच गाडीच्या टाकीवर बसून शाळेत गेलो. बाबांनी नवी गाडी घेतली आणि ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. वर पोती, आत कोंबड्या.

टी.ई.ला आल्यावर मला सांगलीत गाडी हवी होती. मे महिन्यात कुपवाड एमआयडीसीतल्या इंटर्नशिपचे १२,००० रुपये हातात आले होते. डोक्यात मात्र लंडनचं एस कॅफे! १९५०-६० च्या दशकात तिथली पोरं साध्या गाड्यांचं हँडल खाली करून, सीट चपटी करून, अनावश्यक पत्रा काढून टाकून त्या पळवायची. त्यातून ‘कॅफे रेसर’ हा प्रकार आला. मातीत पळवण्यासाठी उंच, रुंद हँडल लावलेला तो ‘स्क्रॅम्बलर’. मी स्क्रॅम्बलर ठरवला. कागदावर स्केच काढलं, मागची चासी कुठे कापायची तिथे लाल रेघ मारली आणि बाबांना दाखवलं.

बाबा बराच वेळ कागद बघत बसले. मग एवढंच म्हणाले, “गाडी तुझीच आहे. पण कापलेलं परत जुळत नाही. जे परत उलटं करता येईल तेवढंच कर.”

तेव्हा मला हे जुन्या माणसाचं बोलणं वाटलं. आता वाटतं, मशीन डिझाइनच्या पुस्तकात हे पहिल्या पानावर छापायला हवं.

पहिला धडा : आधी कागद, मग पाना

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. चासी कापली, सायलेन्सर बदलला, की माझं सगळं बजेट दंडातच गेलं असतं. शिवाय ‘मालकाला’ म्हणजे आर.सी.वर ज्याचं नाव त्याला. माझ्या बाबतीत बाबांना!

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीचं वय. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. नंतर दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त गाडी दाखवून रीपासिंग करावं लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. बाबांनी २०१३, २०१८ आणि २०२३ ला न चुकता हे केलं होतं, म्हणून मला गाडीला हात तरी लावता आला. जुनी गाडी विकत घेणार असाल तर आधी आर.सी.ची तारीख बघा आणि हँडलखाली चासीवर ठोकलेला नंबर आर.सी.शी ताडून पाहा. रंग देताना तो नंबर बुजवू नका. रंगच बदलायचा असेल तर आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते. मी काळी गाडी काळीच ठेवली, फक्त टाकीवर एक क्रीम पट्टा मारला. कटकट नाही!

दुसरा धडा : दिसण्याआधी चालणं

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत. पांढरे केस, कानावर पेन्सिल. त्यांना स्केच दाखवल्यावर त्यांनी ते ग्रीसच्या डब्याखाली ठेवलं आणि म्हणाले, “आरं, पळायचं मागनं बघू. आदी थांबायचं बघ.”

त्यांच्याकडे शिकलेल्या काही गोष्टी :

उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. मी पहिल्या दिवशी हे केलं नाही आणि जोडल्यानंतर तीन बोल्ट उरले. मिस्त्री हसले नाहीत, त्यांनी सगळं परत उघडायला लावलं.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीतलं पेट्रोल फेकण्याच्या लायकीचंच असतं. कार्बोरेटरमधली बारीक पायलट जेट तुंबलेली असते. ती तारेने टोकरू नका. भोक मोठं झालं की मिश्रण बिघडलंच. पेट्रोलने धुवून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. टाकीत गंज असेल तर मूठभर जुने नट टाकून हलवा आणि धुवून काढा. पण टाकीला गळती असेल तर घरी वेल्डिंगचा विचारसुद्धा नको. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त भडकते.

प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मि.मी., एअर फिल्टर नवा, ऑइल नवं. एवढ्यावर गाडी सातव्या किकला चालू झाली. शेडमधून धूर निघाला, कोंबड्या पळाल्या, आई बाहेर आली. इंजिन उघडायची वेळच आली नाही.

आता कुणी म्हणेल, उघडून बोअरच करून घ्यायचं होतं, पॉवर वाढली असती. गणित करून बघू. या इंजिनचा बोअर ५० मि.मी., स्ट्रोक ४९.५ मि.मी. म्हणजे ९७.२ सी.सी. पाव मि.मी. ओव्हरसाइझ पिस्टन टाकला तर ९८.२ सी.सी. वाढ झाली एक सी.सी.ची! बोअर हा झिजलेल्या सिलिंडरचा इलाज आहे, ताकदीचं टॉनिक नव्हे.

तिसरा धडा : ब्रेक

गाडी १०९ किलो धरा आणि दोन माणसं, म्हणजे सगळं मिळून २४० किलो. वेग ताशी ६० कि.मी. असेल तर गतिज ऊर्जा सुमारे ३३ किलोज्यूल. ४० ला तीच १५ च्या आत. वेग दीडपट झाला तर ऊर्जा सव्वादोनपट. ही सगळी ऊर्जा थांबताना जाते कुठे? दोन छोट्या ड्रममधल्या लायनरमध्ये उष्णता होऊन. यवतेश्वरचा घाट उतरताना ड्रमला हात लावून बघा (म्हणजे लावू नका!).

ड्रम ब्रेकच्या प्लेटवर बाणाची खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण शेवटच्या खुणेपर्यंत गेला की शू संपले. काही ठिकाणी बाहेरचा लिव्हर खाचेत एक दात फिरवून बसवतात, मग ब्रेक लागल्यासारखा वाटतो. ही फसवाफसवी आहे. आतला कॅम आधीच जास्त फिरलेला असतो आणि एखाद्या दिवशी तो उलटा अडकू शकतो. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि रॉड किंवा केबल यांच्यात साधारण काटकोन असला पाहिजे, कारण त्याच कोनात टॉर्क सर्वांत जास्त मिळतो. एफ.ई.चं मेकॅनिक्स, दुसरं काही नाही.

आणि हो, ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

चौथा धडा : चेन-स्प्रॉकेट, म्हणजे स्वस्तातला गिअरबॉक्स

समजा पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात, मागच्याला ४२. गुणोत्तर ३. पुढे १५ दाती टाकलं तर गुणोत्तर २.८. म्हणजे त्याच आर.पी.एम.ला गाडी सुमारे ७ टक्के जास्त पळेल, पण चाकावरचा टॉर्क जवळपास तेवढाच कमी होईल. हायवेला मजा, खंबाटकीच्या चढाला दुसरा गिअर. फुकट काही मिळत नाही, थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी सांगितलंच आहे. मी मूळ दातच ठेवले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मात्र एकदम बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की चेनही लवकर जाते. मधोमध साधारण २० ते ३० मि.मी. ढील ठेवा आणि चाक फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा.

टायरचंही तसंच. २.७५-१८ च्या जागी जाड टायर टाकायचा मोह होतो. पण अरुंद रिमवर जाड टायर बसवला की त्याचा आकार चिमटतो आणि वळणावर जमिनीशी संपर्क बिघडतो. मी मूळ मापाचेच घेतले.

पाचवा धडा : लाइट

मूळ बल्ब ३५ वॅटचा. १२ व्होल्टला सुमारे २.९ अँपिअर. त्या जागी ६० वॅटचा हॅलोजन लावला तर ५ अँपिअर. वायर तीच, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास तिप्पट! होल्डर वितळतो तो याच्यामुळे. शिवाय या जुन्या गाड्यांत हेडलाइटला करंट थेट मॅग्नेटोकडून येतो. मॅग्नेटोची ताकद ठरलेली असते, ती बल्ब बदलून वाढत नाही. नवा होल्डर, घासून स्वच्छ केलेलं अर्थिंग आणि आतून पुसलेला रिफ्लेक्टर एवढ्यानेच उजेड दिसण्याइतका सुधारला.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. ८० ते १७५ सी.सी. गाडीला कंपनीतून बाहेर पडताना ७७ डेसिबलची मर्यादा असते. आतली जाळी काढली की आवाज वाढतो, पॉवर नाही. उलट कार्बोरेटरचं सेटिंग मूळ सायलेन्सरला धरून केलेलं असतं, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवलाय. आपला पैसा रोडरोलरखाली घालायचा का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

सहावा धडा : जो मी स्वतः शिकलो

इतकं सगळं शहाण्यासारखं केल्यावर माझ्यातला एस कॅफे परत जागा झाला. निदान हँडल तरी! ते बदलून परत बसवता येतं, म्हणजे बाबांच्या अटीतही बसतं. ४५० रुपयांचं उंच, रुंद हँडल आणलं. मिस्त्री जेवायला गेले होते तेवढ्यात बसवलं. केबलचा सेट नवा होता, पण कंपनीच्या मूळ मापाचा. ओढून-ताणून बसला. सरळ रेषेत गाडी झकास.

संध्याकाळी बहिणीला मागे बसवलं आणि बोगद्याकडे चक्कर मारून आलो. परत आल्यावर गल्लीत यू-टर्न घेतला. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि गाडीने आपणहून रेस घेतली. मी अॅक्सिलरेटर पिळलाच नव्हता! मी घाबरून मूठ घट्ट धरली, ती आणखी फिरली. समोर घराची भिंत. क्लच दाबायचं सुचलं म्हणून, नाहीतर... गाडी भिंतीला मडगार्ड टेकवून थांबली. इंजिन नुसतं किंचाळत होतं. बहीण उतरली, तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं. ती काही बोलली नाही. आत निघून गेली.

बाबा दारात उभे होते.

कारण अगदी साधं होतं. हँडल उंच आणि रुंद झाल्यामुळे केबलचा रस्ता लांबला. सरळ असताना ती जेमतेम पुरत होती. हँडल पूर्ण वळल्यावर बाहेरचं आवरण ताणलं गेलं आणि आतली तार कार्बोरेटरमधली स्लाइड वर खेचू लागली. म्हणजे हँडल वळवणं आणि अॅक्सिलरेटर देणं ही एकच क्रिया झाली. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. आवाज जराही बदलला तर केबल चुकीची आहे. गाडी रस्त्यावर काढायची नाही. एवढंच करायचं होतं. मी नाही केलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ऐकून घेतलं. वाटलं रागावतील. ते म्हणाले, “तू पार्ट बदललास. पर त्यो पार्ट कुणाकुणाला बांदलाय ते बघितलं न्हाईस.” आम्ही ज्याला सिस्टीम म्हणतो आणि जिच्यावर सेमिनार देतो, ती या माणसाने एका वाक्यात सांगितली. हँडल एकटं नसतं. त्याला तीन-चार केबल, वायरिंग, बसणाऱ्याची पाठ आणि मागे बसणाऱ्याचा जीव बांधलेला असतो.

मी मूळ हँडल परत बसवलं.

हिशोब

मासिकात लिहायचं तर खर्च लपवून कसं चालेल? हा घ्या, माझा प्रत्यक्ष झालेला :

चालण्या-थांबण्यासाठी
चेन-स्प्रॉकेट सेट – १,१००
ब्रेक शू, पुढचे-मागचे – ४००
दोन टायर, ट्यूबसह – ३,२००
केबल सेट – ५००
कार्बोरेटर किट व सफाई – ३५०
इंजिन ऑइल – ४००
प्लग, एअर फिल्टर – २५०
हँडलचा कोनसेट – ४५०
पुढच्या शॉकअपचं ऑइल व सील – ४००
एकूण – ७,०५०

दिसण्यासाठी
टाकी व साइड पॅनेलचा रंग – २,२००
सीटचा फोम व कव्हर – ९००
लाइट होल्डर, वायरिंग, फ्यूज – ५००
एकूण – ३,६००

मजुरी – १,००० (मिस्त्री घेत नव्हते, बाबांनी खिशात कोंबली)
उंच हँडल – ४५०. हे ‘शिकवणी फी’ या खात्यात.

सर्व मिळून १२,१००. बजेटच्या वर शंभर रुपये. ते बहिणीने दिले, व्याजासकट परत मागितले आहेत.

नवशिक्यांनी एक प्रमाण लक्षात ठेवावं. हातात बारा हजार असतील तर निम्म्याहून जास्त पैसे अशा गोष्टींवर जातात ज्या फोटोत दिसत नाहीत. कोनसेटचं कौतुक कुणी करत नाही. पण खड्ड्यातून जाताना हँडल थरथरत नाही, ते त्याच्यामुळेच. पैसे कमी पडले तर रंग थांबू शकतो, टायर नाही.

शेवटी

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी गाडी घेऊन निघालो. सातारा, उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली. सुमारे १२० किलोमीटर. कऱ्हाडला थांबून चेनची ढील बघितली, चहा घेतला, ऑइल बघितलं. गाडी कुठेही बंद पडली नाही.

निघण्याआधी बाबांनी एक चक्कर मारतो म्हणून गाडी घेतली होती. मला वाटलं सीट कशी वाटते, रंग कसा दिसतो ते बघतील. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, चालू केली, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, मग पूर्ण उजवीकडे. कान देऊन ऐकलं. आवाज बदलला नाही. मग हाक मारून बहिणीला मागे बसवलं आणि बोगद्याच्या दिशेने गेले.

लाल रेघ मारलेलं ते स्केच अजून माझ्याकडे आहे. हॉस्टेलच्या भिंतीवर त्या ४५० रुपयांच्या हँडलला अडकवून ठेवलंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी शेडमध्ये अशी एखादी गाडी असेल तर पोती बाजूला करा. आर.सी. शोधा, अंड्याचा ट्रे आणा आणि सुरुवात ब्रेकपासून करा. अडलात तर खोलीवर या. पाने माझे, चहा तुमचा!

– टी.ई. (मेकॅनिकल)